परका उच्चार आणि आपला कान

परदेशी शिकावयास गेलेल्या मुलांची पहिली तक्रार थंडीची असते, दुसरी जेवणाची. आणि तिसरी, जी ती जरा संकोचाने सांगतात, ती कानाची असते. "आई, सरांचं बोलणंच समजत नाही गं. शब्द ओळखीचे वाटतात, पण वाक्य पुरं होईपर्यंत सगळं निसटून जातं." बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, कोणत्याही गावच्या मराठी घरात ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास असे फोन येतात. पुढे वर्ष-दोन वर्षांनी त्याच मुलाचा किंवा मुलीचा आणखी एक फोन येतो, तेव्हा तक्रार नेमकी उलटलेली असते. आता ती मुलगी स्वतः तेथील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गणित वा रसायनशास्त्र शिकवीत असते आणि म्हणते, "आई, माझं बोलणं कळत नाही असं वर्गातल्या मुलांनी लिहून दिलंय."

हे दोन्ही फोन ऐकणाऱ्या आईवडिलांना पहिल्या वेळी प्राध्यापकाचा राग येतो आणि दुसऱ्या वेळी विद्यार्थ्यांचा. माया ही अशीच असते, त्याला इलाज नाही. परंतु प्रश्न एकच आहे आणि तो दोन्ही बाजूंनी पाहिल्यावाचून सुटणारा नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून या खेपेस या विषयावर चार शब्द लिहावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या प्रश्नाचा व्याप पाहू. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षी अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांच्या वर गेली, आणि २००८-०९ नंतर प्रथमच भारताने याबाबतीत चीनला मागे टाकले. यांपैकी पुष्कळजण पदव्युत्तर शिक्षणासाठी जातात, आणि त्यांतल्या अनेकांना, विशेषतः पीएच्.डी. करणाऱ्यांना, 'टीचिंग असिस्टंट' म्हणजे अध्यापन-सहायकाचे काम मिळते. शेदोनशे विद्यार्थ्यांच्या वर्गास मुख्य प्राध्यापक व्याख्यान देतात. मग त्याच विद्यार्थ्यांच्या लहान लहान तुकड्या पाडून त्यांना उदाहरणे सोडवून दाखविणे, प्रयोगशाळेत त्यांच्याकडे लक्ष देणे, उत्तरपत्रिका तपासणे ही कामे या सहायकांकडे येतात. त्या बदल्यात त्यांची फी माफ होते आणि दरमहा विद्यावेतन मिळते. मध्यमवर्गीय घरातील मुलाला अमेरिकेत डॉक्टरेट करता येते ती बहुधा या व्यवस्थेच्या जोरावर. तेव्हा वर्गात आपले बोलणे समजते की नाही, हा त्या मुलाच्या दृष्टीने केवळ मानापमानाचा प्रश्न नसतो. त्याच्या शिक्षणाचा सगळा डोलारा त्यावर उभा असतो.

आता समोरच्या बाकावर बसलेल्या विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकू. तो अठरा वर्षांचा आहे, घरून प्रथमच बाहेर पडलेला आहे, आणि फीसाठी त्याने किंवा त्याच्या आईवडिलांनी कर्ज काढले आहे. पहिल्या वर्षाचे कलनशास्त्र, ज्याला आपली मुले 'कॅल्क्युलस' म्हणतात, हे अभियांत्रिकीचे आणि कित्येक शास्त्रशाखांचे प्रवेशद्वार असते. तेथे अडखळला तर पुढचे दार उघडत नाही. अशा वेळी फळ्याशी उभा असलेला तरुण काय बोलतो आहे ते कळेना, तर त्याचा जीव कासावीस होणारच. एकदा विचारले, दोनदा विचारले, तिसऱ्या वेळी 'पुन्हा सांगा' असे म्हणावयास त्याला लाज वाटते. मग तो मान डोलावून गप्प बसतो आणि परीक्षेत नापास होतो. अशा मुलाच्या तक्रारीला सरसकट 'गोऱ्यांचा अहंकार' म्हणून झिडकारणे बरोबर नाही. उद्या आपल्या नातवंडांना अशा वर्गात बसावे लागले तर आपणही हेच म्हणू.

ही तक्रार तेथे इतकी वाढली की ती विधिमंडळांपर्यंत पोहोचली. १९८०च्या दशकात ओहायो, मिसूरी, टेक्सास इत्यादी अनेक राज्यांनी, विद्यापीठात शिकविणाऱ्याचे बोली इंग्रजी पुरेसे चांगले आहे याची खात्री संस्थांनी करून घ्यावी, असे कायदे केले. पेन्सिल्व्हेनियाने १९९० साली तसा कायदा केला. पुढे २००५ साली नॉर्थ डकोटा राज्यात बेट ग्रँडे नावाच्या लोकप्रतिनिधींनी याहून कडक विधेयक मांडले. शिक्षकाचे इंग्रजी स्पष्ट नाही अशी लेखी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला फी परत मिळावी, आणि वर्गातील दहा टक्के विद्यार्थ्यांनी तशी तक्रार केली तर त्या शिक्षकाला अध्यापनावरून दूर करावे, असा त्याचा आशय होता. त्या कडक रूपात ते टिकले नाही; परंतु त्यावरून लोकांच्या मनातील अस्वस्थता कळून येते. आज बहुतेक मोठ्या विद्यापीठांत परदेशी सहायकाला वर्गावर पाठविण्यापूर्वी त्याच्या बोली इंग्रजीची परीक्षा घेतात. जो उत्तीर्ण होत नाही त्याला एखाद्या सत्राचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो किंवा तोवर केवळ उत्तरपत्रिका तपासण्याचे काम मिळते.

परंतु आमच्या मते खरा प्रश्न परीक्षेने सुटत नाही. आपल्या मुलाचे इंग्रजी वाईट असते असे थोडेच आहे! तो शाळेपासून इंग्रजी माध्यमात शिकलेला असतो, त्याचे व्याकरण कित्येकदा समोरच्या मुलांपेक्षा शुद्ध असते. मग अडते कोठे? हे जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे.

इंग्रजी मातृभाषा असलेला मनुष्य शब्दाच्या आरंभीचा प, ट, क उच्चारताना तोंडातून श्वासाचा एक झोत सोडतो. आपण तसा सोडीत नाही, कारण आपल्या भाषेत प आणि फ, ट आणि ठ, क आणि ख ही वेगळी वर्णे आहेत, आणि झोत सोडला की अक्षरच बदलते. परिणाम असा होतो की आपण 'पिन' म्हणतो आणि त्यांच्या कानाला 'बिन' ऐकू येते. दुसरे उदाहरण 'व'चे. इंग्रजीत दोन वेगळे 'व' आहेत. एक ओठ गोल करून म्हणावयाचा, दुसरा वरचे दात खालच्या ओठाला लावून. आपण लिहिताना एकास 'व' आणि दुसऱ्यास 'व्ह' लिहून सुटका करून घेतो, परंतु बोलताना पुष्कळदा दोन्हींची खिचडी करतो. मग 'वेस्ट' म्हणजे पश्चिम दिशा की अंगात घालावयाचा कपडा, हे ऐकणाऱ्याने संदर्भावरून ओळखावयाचे.

तथापि एकेका वर्णापेक्षा मोठी अडचण आघाताची आहे. मराठीत आपण शब्दातील सर्व अक्षरे जवळजवळ सारख्या वजनाने उच्चारतो. इंग्रजीत मात्र शब्दातील एका अक्षरावर जोर असतो आणि बाकीची दबलेली असतात. 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असेल तर जोर पहिल्या भागावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्या भागावर. जोर चुकीच्या जागी पडला की इंग्रजी माणसाला तो शब्दच ओळखू येत नाही, मग प्रत्येक वर्ण कितीही स्वच्छ असो. जी गोष्ट शब्दाची तीच वाक्याची. वाक्यातील नवीन आणि महत्त्वाचा शब्द ते लोक उचलून धरतात. आपण सगळे वाक्य एका सुरात, आणि बहुधा घाईघाईने, म्हणून टाकतो. लॉरा हान या संशोधिकेने २००४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासंबंधी उद्बोधक आहे. एकाच परदेशी वक्त्याचे एकच व्याख्यान तिने तीन प्रकारे ध्वनिमुद्रित केले: एकात वाक्यातील जोर योग्य शब्दावर, दुसऱ्यात चुकीच्या शब्दावर, तिसऱ्यात जोरच नाही. उच्चाराची ढब तिन्हींत तीच, परंतु योग्य शब्दावर जोर असलेले व्याख्यान विद्यार्थ्यांच्या अधिक लक्षात राहिले आणि वक्ताही त्यांना अधिक बरा वाटला.

काही वेळा तर दोष उच्चाराचा नसतोच, शब्दाच्या अर्थाचा असतो. आपल्याकडे शाळेत 'थ्री इंटू फाइव्ह' म्हणजे तीन गुणिले पाच. अमेरिकेतील मुलाला 'इंटू' हा शब्द भागाकाराचा वाटतो. 'थ्री इंटू ट्वेल्व्ह' म्हणजे बारा भागिले तीन. आपला सहायक फळ्यावर गुणाकार करतो आहे आणि तोंडाने भागाकार सांगतो आहे, असा चमत्कार त्या वर्गात घडतो! तसाच 'डाउट' हा शब्द. आपला विद्यार्थी हात वर करून 'सर, आय हॅव अ डाउट' म्हणतो तेव्हा त्याला केवळ शंका विचारावयाची असते. तेथील प्राध्यापकाला वाटते की या मुलाचा आपल्या सांगण्यावर विश्वास नाही. हे शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो की त्यांत काही खटकण्यासारखे आहे हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

उलट बाजूने आपल्या मुलाची फजिती होते तीही अशीच. अमेरिकन उच्चारात दोन स्वरांमधला 'ट' मऊ होऊन 'ड'सारखा होतो, त्यामुळे 'लॅटर' आणि 'लॅडर' हे शब्द सारखेच ऐकू येतात. सर्वांत घातक शब्द 'कॅन' आणि 'कॅन्ट'. होकारार्थी 'कॅन' ते इतका दाबून म्हणतात की तो 'कन' होतो, आणि नकारार्थी 'कॅन्ट'मधला शेवटचा 'ट' गिळून टाकतात. मग आपल्या मुलाच्या कानावर स्वच्छ 'कॅन' पडते आणि तो समजतो की 'चालेल', प्रत्यक्षात प्राध्यापक म्हणालेले असतात की 'चालणार नाही'. शिवाय अमेरिकेतील प्राध्यापक तरी सगळे अमेरिकन कोठे असतात? कोणी चीनमधून आलेला, कोणी रशियातून, कोणी इराणातून, कोणी आपल्या तामिळनाडूतून. प्रत्येकाच्या इंग्रजीला त्याच्या मातृभाषेचा हेल असतो, आणि दूरदर्शन संचावर वा चित्रपटांत ऐकून तयार झालेला कान तेथे कामास येत नाही.

येथवर सांगितले ते जिभेचे आणि कानाचे. आता थोडे डोळ्याविषयी. जॉर्जिया विद्यापीठातील डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी मातृभाषा असलेल्या पदवी-विद्यार्थ्यांना त्यांनी सुमारे चार मिनिटांचे व्याख्यान ध्वनिफितीवरून ऐकविले. आवाज ओहायो राज्यात वाढलेल्या, म्हणजे अस्सल अमेरिकन उच्चार असलेल्या स्त्रीचा होता. काही विद्यार्थ्यांपुढे व्याख्याती म्हणून गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र ठेवले होते, काहींपुढे आशियाई स्त्रीचे. ध्वनिफीत तीच, शब्द तेच. तरीही आशियाई चेहरा पाहणाऱ्यांपैकी अनेकांना तिच्या बोलण्यात परका उच्चार ऐकू आला. आणि अधिक गंभीर गोष्ट म्हणजे, व्याख्यान किती समजले याच्या चाचणीतही त्यांना कमी गुण मिळाले. जो उच्चार अस्तित्वातच नव्हता, त्याने त्यांचे समजणे अडविले!

या प्रयोगाचा अर्थ कसा लावावा याबद्दल पुढे विद्वानांत चर्चा झाली, आणि ती ऐकण्यासारखी आहे. केव्हिन मॅक्गोवन यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिनी हेलाचे इंग्रजी गोंगाटात ऐकविले, तेव्हा चिनी चेहरा पाहणाऱ्यांना ते अधिक चांगले समजले, गोरा चेहरा पाहणाऱ्यांना कमी. म्हणजे चेहऱ्यावरून आपण काहीतरी अपेक्षा बांधतो. ती अपेक्षा खऱ्या आवाजाशी जुळली तर कान साहाय्य करतो, न जुळली तर घोटाळा करतो. या दोन्ही प्रयोगांतून आम्ही एवढेच घेतो की 'कळत नाही' या तक्रारीत बोलणाऱ्याचा दोष किती आणि ऐकणाऱ्याच्या मनातील पूर्वग्रह किती, हे तक्रार करणाऱ्यालाही नीट ठाऊक नसते.

कॅनडातील मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या दोन संशोधकांनी १९९५ साली एक मोलाचा भेद दाखवून दिला. उच्चार परका वाटणे ही एक गोष्ट, तो ऐकताना श्रम पडणे ही दुसरी, आणि बोललेले प्रत्यक्ष न कळणे ही तिसरी. या तीन गोष्टी एक नव्हेत. चिनी भाषिकांचे इंग्रजी ऐकून श्रोत्यांनी 'फार परका उच्चार' असा शेरा दिला. परंतु त्यांनाच ती वाक्ये लिहून काढावयास सांगितली, तेव्हा त्यांतील पुष्कळ वाक्ये त्यांनी अक्षरशः अचूक लिहिली. म्हणजे कळत होते. फक्त सवयीचे नव्हते.

आणि सवय किती लवकर होते! क्लार्क आणि गॅरेट यांनी २००४ साली दाखविले की परक्या हेलाचे इंग्रजी ऐकताना आरंभी श्रोत्याची गती मंदावते, पण एखाद्या मिनिटाच्या ऐकण्यानंतर ती मोठ्या प्रमाणात सावरते. ब्रॅडलो आणि बेंट यांनी २००८ साली त्यापुढची पायरी दाखविली: एकाच मातृभाषेच्या अनेक वक्त्यांचे इंग्रजी ऐकविले की त्या हेलाच्या, पूर्वी कधी न ऐकलेल्या वक्त्याचे बोलणेही श्रोत्याला सोपे जाते. अर्थात प्रयोगशाळेतील छोटी वाक्ये निराळी आणि तासभराचे कलनशास्त्र निराळे. परंतु कान शिकतो, हे यावरून सिद्ध होते. जो विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच वर्ग बदलून घेतो, तो कानाला शिकण्याची संधीच देत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मराठी समाजाला हे नव्याने सांगावयास नको. बडोद्याचेच उदाहरण घेऊ. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली ग्रंथालयांच्या उभारणीसाठी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले, आणि १९११ साली त्यांनी येथे ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्ग काढला. अमेरिकन माणसाच्या तोंडची इंग्रजी ऐकून येथील मंडळी ती विद्या शिकली. पुढे १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विभाग सुरू झाला, तेथील नामवंत शिक्षकांत बेंद्रे इंदूरचे, शंखो चौधुरी बंगाली, तर के. जी. सुब्रमण्यन केरळचे. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या या गुरूंकडून विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकून गेल्या. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली जर्मन जेझुइटांनी काढले. पहिल्या महायुद्धानंतर तेथे स्पॅनिश पाद्री आले, आणि १९२२ साली आलेल्या फादर हेरास यांनी तेथे इतिहासाच्या अभ्यासाची मोठी परंपरा निर्माण केली. इंग्रजी ही ना त्यांची मातृभाषा, ना त्यांच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांची. तरीही विद्या एकाकडून दुसऱ्याकडे गेली.

आणि हेलाविषयी बोलावयाचे तर आपल्या मराठीचे काय? बेळगावचा माणूस 'काय करालास?' असे विचारतो आणि पुणेकर क्षणभर थबकतो. इंदूरचा 'तो येऊन राहिला आहे' म्हणतो, तेव्हा मुंबईच्या मंडळींच्या ओठांवर हसू उमटते. बडोद्याच्या मराठीत गुजराती केव्हा मिसळली हे बडोदेकरांनाही सांगता येणार नाही. लग्नकार्यात पुण्याकडची मंडळी आपल्या बोलण्याला हसली तर आपल्याला लागते, आणि लागावेच. कारण ती आपली मराठी आहे, पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात जपलेली. परंतु तोच आपण, कॉलेजातील तामिळ किंवा तेलुगू प्राध्यापकाच्या इंग्रजीची नक्कल घरी येऊन करणाऱ्या मुलाला हसून दाद देतो. आपल्या चित्रपटांनी तर अनेक वर्षे 'मद्रासी' माणसाच्या उच्चारावर प्रेक्षकांना हसविले. मग अमेरिकेतील 'द सिम्प्सन्स' या व्यंगचित्रमालेतील अपू नावाच्या भारतीय दुकानदाराच्या बोलण्याला तेथील लोक हसले, तर आपण कोणत्या तोंडाने रागवावे? त्या पात्राला आवाज देणारे हँक अझारिया यांनी २०२० साली तो आवाज यापुढे देणार नाही असे जाहीर केले. आपल्या घरातील नकला मात्र अजून थांबलेल्या नाहीत. मुलाच्या कानाची तयारी घरातच होते. जो मुलगा परक्या उच्चाराला हसण्याची सवय घेऊन जातो, तो वर्गात बसल्यावर ऐकण्याऐवजी खोड काढीत बसतो.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींना आमचे सांगणे असे की पहिले दोन-तीन आठवडे हे कान तयार होण्याचे दिवस समजावेत. व्याख्यानाला जाण्यापूर्वी तो धडा एकदा वाचून जावे, म्हणजे येणारे शब्द ओळखीचे होतात, आणि ओळखीचा शब्द कोणत्याही हेलात ओळखता येतो. पुढच्या रांगेत बसावे, कारण ओठांची हालचाल दिसली की कानाचे अर्धे काम डोळा करतो. 'काही कळले नाही' असे म्हणू नये; 'तिसऱ्या ओळीनंतर आपण कोणता शब्द वापरला?' असे नेमके विचारावे. तेथे प्राध्यापक आणि सहायक आठवड्यातील ठराविक तास आपल्या खोलीत विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात. आपली मुले तेथे जावयास संकोचतात, परंतु समोरासमोर दहा मिनिटे बोलले की त्या माणसाचा उच्चार कायमचा ओळखीचा होतो. आता ध्वनिमुद्रित व्याख्याने आणि पडद्यावर उमटणारी अक्षरेही साहाय्यास असतात. मात्र तीही यंत्राने उतरवून घेतलेली असतील, तर परक्या उच्चारापुढे यंत्रही चुकते, हे ध्यानात असू द्यावे.

शिकवावयास उभे राहणाऱ्यांनी आपला उच्चार पुसून टाकण्याच्या मागे लागू नये. ओढूनताणून आणलेला अमेरिकन उच्चार ऐकणाऱ्याला सोपा जात नाही, आणि बोलणाऱ्याला शोभतही नाही. त्याऐवजी वेग कमी करावा. महत्त्वाचा शब्द उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबावे, त्यावर जोर द्यावा आणि तो फळ्यावर लिहावा. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. एकच गोष्ट दोन निरनिराळ्या वाक्यांत सांगावी. एक निसटले तर दुसरे हाती लागते. पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगावे की माझा उच्चार तुम्हांस नवा आहे, कळले नाही तर मला थांबवा, मला त्याचा राग येणार नाही. हे एक वाक्य पुष्कळ तक्रारी लिहिल्या जाण्यापूर्वीच मिटवून टाकते. आपलाच एखादा तास ध्वनिमुद्रित करून ऐकावा. आपण किती घाईने बोलतो ते दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज उरत नाही.

आणि विद्यापीठांचे कर्तव्य? ती या तरुणांकडून कमी खर्चात पुष्कळ अध्यापन करवून घेतात. देशात पाऊल टाकल्यावर आठ-दहा दिवसांत एखाद्या मुलाला खडू देऊन वर्गावर उभे करावयाचे, आणि तक्रार आली की त्याला दोष द्यावयाचा, हा न्याय नव्हे. त्याला शिकविण्याचे शिक्षण द्यावे, जुन्या सहायकांच्या वर्गात काही दिवस बसू द्यावे. त्याचबरोबर विद्यार्थ्यांनाही ऐकावयास शिकवावे. पुढे ज्या कारखान्यांत, रुग्णालयांत, कचेऱ्यांत ते काम करणार, तेथे जगभरची माणसे त्यांच्याभोवती असणार आहेत. परक्या हेलाचे इंग्रजी समजणे हे त्यांच्याही उपयोगाचे शिक्षण आहे. परंतु हेही तितकेच खरे की सर्व उपाय करूनही एखाद्याचे बोलणे वर्गाला खरोखरच कळत नसेल, तर त्याला प्रयोगशाळेचे वा संशोधनाचे काम द्यावे. विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ देणे हे कोणाच्याच सन्मानाचे रक्षण नव्हे.

आपल्या परंपरेत शिक्षणाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: श्रवण, मनन आणि निदिध्यासन. त्यांत श्रवण पहिले आहे. ज्ञानेश्वरमहाराजांसारखा वक्तासुद्धा नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागतो. म्हणजे बोलणाऱ्याने कितीही सुबोध बोलावे, ऐकणाऱ्याने आपला वाटा उचलल्याशिवाय अर्थ पोहोचत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून मान्य आहे. आजकाल फी भरली की समजणे हा आपला हक्क आणि समजाविणे हे केवळ शिक्षकाचे काम, अशी समजूत सर्वत्र होऊ लागली आहे. ती आपल्याही मुलांत शिरते आहे.

या वर्षी ज्यांच्या घरून कोणी परदेशी निघाले असेल, त्यांनी सामानाच्या यादीत लोणचे, मसाले आणि गरम कपडे लिहिले असतीलच. त्याबरोबर घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलाला जवळ बसवून एवढे सांगावे: बाबा रे, तेथे तुला कोणाचे बोलणे पहिल्या दिवशी कळणार नाही, आणि तुझेही कोणाला कळणार नाही. त्यात अपमान मानू नकोस आणि कोणाचा करूही नकोस. थोडे सावकाश बोल, आणि समोरचा बोलेल ते शेवटपर्यंत ऐकून घे.